सत्तावीस नंबरची रेषा

घर क्रमांक सत्तावीसची रेषा वर चढू लागली तेव्हा रेवती घोलपने आधी पडदा पुसला. पडद्यावर धूळ नव्हती. हाताला काहीतरी चाळा हवा होता, इतकंच.

कासार आळीतलं सत्तावीस नंबरचं घर तिचं स्वतःचं होतं.

देवखिंड नगरपरिषदेच्या सांडपाणी प्रयोगशाळेत रेवती तंत्रज्ञ होती. ही प्रयोगशाळा उभी राहिली ती तीन वर्षांपूर्वीच्या साथीनंतर. विषमज्वरच तो, पण एकाही गोळीला, एकाही इंजेक्शनला दाद न देणारा. सव्वीस माणसं गेली, त्यांतली चौदा मुलं. या रोगाचा वाहक स्वतः ठणठणीत असतो. हिंडतो-फिरतो, लग्नाच्या पंगती वाढतो, आणि वर्षानुवर्षं त्याच्या पोटातून जंतू बाहेर पडत राहतात. असा माणूस शोधायचा तर सगळ्या गावाला तपासणीच्या रांगेत उभं करायला हवं होतं. त्यापेक्षा सोपी वाट गटारातून जात होती.

प्रत्येक घराचं सांडपाणी रस्त्याखालच्या मोठ्या नळाला मिळण्याआधी दाराशी एका चेंबरमधून जातं. त्या चेंबरमध्ये काडेपेटीएवढा एक संच बसवला होता. आतल्या पट्टीवर त्या जंतूच्या जनुकाचा साचा चिकटवलेला. पाण्यात ते जनुक असलं की साच्यात नेमकं जाऊन बसतं, पट्टीतला बारीकसा विद्युतप्रवाह बदलतो आणि प्रयोगशाळेतल्या पडद्यावर त्या घराची रेषा हलते. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं. गाव त्याला 'नाक' म्हणायचं.

नाक बसवायला लोक सहजी तयार झाले नव्हते. "आमच्या मोरीत सरकारचं काय काम?" असं प्रभाग सभेत एक निवृत्त तलाठी उभे राहून विचारत होते आणि अर्धी सभा त्यांच्या बाजूने होती. मुख्याधिकाऱ्यांना उत्तर सुचेना, तेव्हा रेवती पुढे झाली. गावातली मुलगी, गावातली सून. ती म्हणाली, "हे नाक फक्त तापाचा वास घेतं, काका. तुमच्या घरात कोण काय खातं, काय पितं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हा माझा शब्द." मग हात वर झाले. दोन महिन्यांत दोन वाहक सापडले, एक लग्नाचा आचारी आणि एक म्हातारा कंपाउंडर. जंतू ज्यात दडतात ते पित्ताशय दोघांचंही शस्त्रक्रियेने काढलं आणि गावात पुन्हा त्या तापाने कुणी दगावलं नाही. रेवतीला त्या हातांचा अभिमान होता.

गेल्या दिवाळीनंतर पट्टी बदलली. जिल्ह्याच्या कन्यारक्षण कक्षाचं परिपत्रक आलं, सोबत नव्या पट्ट्यांची खोकी. जंतूच्या साच्याशेजारी आता आणखी एक साचा होता, गरोदर बाईच्या लघवीत उतरणाऱ्या संप्रेरकाचा. हे संप्रेरक पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतं, दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जातं, नवव्या-दहाव्या आठवड्यात शिखर गाठतं आणि मग सावकाश उतरून बेताचं राहतं. गर्भ गेला तर मात्र रेषा दोन-तीन आठवड्यांत तळाला जाते. तालुक्यात हजार मुलांमागे आठशे एकोणतीस मुली जन्मत होत्या. गर्भलिंग तपासणारी फिरती यंत्रं खिशात मावण्याइतकी लहान झाली होती, पकडली जात नव्हती. तेव्हा यंत्रामागे धावण्याऐवजी गर्भावरच नजर ठेवायची, असं कुणीतरी वरच्या खोलीत ठरवलं होतं. बाराव्या आठवड्यानंतर रेषा तुटली की चौकशी.

गर्भ आपोआपही जातो. ओळखू आलेल्या सहा-सातांमागे एक तरी जातोच. बाराव्या आठवड्यानंतर हे प्रमाण फार कमी होतं, पण शून्य होत नाही. का गेला, हे नाकाला सांगता येत नाही.

परिपत्रक वाचून रेवती थोडी घुटमळली. तिने सभेत दिलेला शब्द तिला आठवला. पण ती स्वतः घरातली तिसरी मुलगी होती. तिच्या जन्माच्या वेळी वडील दवाखान्यात आलेच नव्हते, ही गोष्ट तिची आई हसत हसत सांगायची. रेवतीने खोकं फोडलं आणि आळीतल्या बेचाळीस चेंबरांमधल्या पट्ट्या स्वतःच्या हाताने बदलल्या. सत्तावीस नंबरचीसुद्धा.

आता त्याच चेंबरची रेषा चढत होती.

रेवतीच्या घरात माणसं मोजकी. तिची मुलगी पुण्याला वसतिगृहात. सासूबाई चौऱ्याहत्तरच्या. रेवतीचं स्वतःचं गर्भाशय तीन वर्षांपूर्वीच काढलेलं. नवरा हेमंत वीज उपकेंद्रात पाळीच्या नोकरीवर. आणि जाऊ सायली, वय एकतीस. सायलीचा नवरा निनाद दोह्याला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात होता, आणि तो गेल्याला नऊ महिने झाले होते.

नऊ महिने. रेवतीने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि पडदा बंद केला.

संशय घरात शिरला की तो कोपऱ्यात बसून राहत नाही, हे तिला पुढच्या काही आठवड्यांत कळलं. सायलीने सकाळचा चहा सोडला होता, का? सायली मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर उशिरा यायची. ती श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करायची, दुकान सहाला बंद व्हायचं. मग तास कुठे जायचा? केस ओले का असायचे? निनादशी बोलताना ती गच्चीवर का जायची? पूर्वी ही सगळी साधी, कुणाच्या लक्षातही न येणारी घरातली हालचाल होती. आता प्रत्येक गोष्टीला शेपूट फुटत होतं. रेवती भांडी विसळता विसळता जावेच्या पोटाकडे बघायची आणि सायलीने मान वर केली की नळाकडे बघायची.

दिवसा प्रयोगशाळेत ती रेषा पाही. आठवा आठवडा. दहावा. शिखर. उतार. रेषा अगदी पुस्तकातल्यासारखी होती.

एका शनिवारी दुपारी सासूबाई झोपल्या होत्या. सायली ओट्याशी शेंगा सोलत बसली होती. रेवतीने दार लोटून घेतलं.

"सायली, मला काही सांगायचंय का तुला?"

"कशाबद्दल, ताई?"

"कशाबद्दलही. मी कुणाला बोलणार नाही."

सायलीचा हात थांबला. "काय झालंय? दोन महिने बघतेय, तुम्ही माझ्याकडे चोरून बघता. माझं काही चुकलंय का?"

रेवतीला वाटलं, आता मागे फिरावं. पण शब्द आधीच बाहेर पडले होते. "तू गरोदर आहेस. मला माहीत आहे. प्रश्न इतकाच आहे, की..."

सायलीचा चेहरा आधी कोरा झाला, मग हळूहळू लाल होत गेला.

"कुणी सांगितलं?"

"चेंबरच्या नाकाने."

"म्हणजे मोरीतून माझं गेलेलं पाणी तुम्ही कचेरीत बसून बघता?" सायली उठली. मांडीवरच्या शेंगा जमिनीवर सांडल्या. "मी गरोदर नाही. निनाद गेल्यापासून मी कुणाच्या... शी! हे मी तुम्हांला का सांगतेय? मंगळवारी-शुक्रवारी मी पोहायला शिकते, ताई. आईंना आवडणार नाही म्हणून बोलले नव्हते. एवढी एकच गोष्ट होती माझी स्वतःची. आता तीही तुम्हांला सांगावी लागली."

ती आत निघून गेली. रेवती खाली बसून शेंगा गोळा करत राहिली. सायली खरं बोलत होती असं तिला वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी असंही वाटलं, की खोटं बोलणारी बाईही अशीच लाल झाली असती.

तेराव्या आठवड्यात सत्तावीसची रेषा कोसळली.

जून लागता लागता नोटीस आली. कक्षाचा शिपाई दारात उभा राहून मोठ्याने पत्ता विचारत होता, त्यामुळे ती काय आहे हे घराआधी आळीला कळलं. घर क्रमांक सत्तावीसमध्ये तेरा आठवड्यांच्या गर्भधारणेची नोंद खंडित झाली आहे. घरातील पंधरा ते पन्नास वयाच्या सर्व स्त्रियांनी दहा दिवसांत वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, अथवा समाधानकारक खुलासा करावा. तपासणीस नकार दिल्यास तो प्रतिकूल मानून नाव फलकावर लावण्यात येईल.

रेवतीकडे शस्त्रक्रियेचे कागद होते, मुलगी पुण्याला; उरली ती सायली. सासूबाईंनी चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली. मग सायलीकडे न बघता म्हणाल्या, "निनादला काय कळवायचं?"

हेमंत म्हणाला, "तपासणी करून टाका ना. पाच मिनिटांचं काम. विषय संपेल."

"तुमची कुणी करायला सांगितली असती तर?" सायलीने विचारलं. थोरल्या दिराशी ती कधी अशी बोलली नव्हती. हेमंतने नोटिशीची घडी घातली आणि तो कामावर निघून गेला.

त्या आठवड्यात पहिल्यांदा रेवतीने जावेवरचा संशय बाजूला ठेवून यंत्रावर संशय घेतला. खरं तर हे तिने सगळ्यांत आधी करायला हवं होतं. तिचा धंदाच तो. पट्टी नवी होती, बिघाड नव्हता. मग तिने एक साधी गोष्ट केली, जी रेषांच्या नादात कुणीच करत नव्हतं. घराचं पाण्याचं मीटर वाचलं. घरात रोज तीनशे दहा लिटरच्या आसपास पाणी येत होतं. नाकाच्या प्रवाहनोंदीत मात्र चेंबरमधून रोज साडेपाचशे लिटर बाहेर जात होतं.

आकडे खिशात घालून ती घरी आली. रविवार होता. सायली गच्चीवरून कपडे घेऊन उतरत होती.

"मला मदत करशील? बोलू नकोस हवं तर. नुसती मदत कर."

दोघींनी घराचा मुख्य कॉक बंद केला. नळ, फ्लश, सगळं बंद आहे ना ते पाहिलं. मग पहारीने चेंबरचं झाकण उचललं. आत कोरडं असायला हवं होतं. दोघी वाकून बघत राहिल्या. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून, अठ्ठावीस नंबरमधून, धुलाई यंत्र पाणी सोडतं तशी घरघर ऐकू आली. आणि डाव्या बाजूच्या, मातीने अर्धवट झाकलेल्या एका नळातून कोमट, फेसाळ पाणी भसाभसा त्यांच्या चेंबरमध्ये पडू लागलं.

साथीनंतर गटारं घाईघाईत टाकली तेव्हा शेजारच्या घरमालकाने रस्ता खोदायचा वाचवला होता आणि आपला नळ गुपचूप यांच्या चेंबरला जोडून दिला होता. नगरपरिषदेच्या नकाशात त्याचा पत्ता नव्हता; अठ्ठावीसला अजून शोषखड्डाच आहे अशी नोंद होती, म्हणून तिथे नाकही नव्हतं. नाकाला दोन्ही घरं एकच वाटत होती.

सायली तशीच उकिडवी बसून राहिली. "म्हणजे अस्मिताताई," ती हळू आवाजात म्हणाली.

अठ्ठावीस नंबरमध्ये वाकचौरे भाड्याने राहत. नवरा खताच्या दुकानात, बायको अस्मिता, गावाहून येऊन राहिलेली सासू, आणि सात आणि चार वर्षांच्या दोन मुली. रेवतीला एकदम आठवलं, मे महिन्यात वाकचौरे चार दिवस 'मामाकडे' गेले होते. परत आल्यावर अस्मिता आठवडाभर ओट्यावर दिसली नव्हती. मुलींच्या वेण्या तिची सासू घालत होती.

दोन मुली, तेरावा आठवडा, मामाकडे चार दिवस. तिसऱ्या मुलीला आत येऊ दिलं नाही, असं तिला भिंतीपलीकडे दिसू लागलं. जणू तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. अगदी असंच तिने सायलीचंही पाहिलं होतं, हे तिला जरा उशिराने सुचलं.

तीन वेळा ती अठ्ठावीस नंबरच्या दारापर्यंत गेली. एकदा विरजणाचं निमित्त घेऊन, दोनदा काहीच न घेता. तिन्ही वेळा परत आली.

चौकशीच्या दिवशी कक्षाच्या कचेरीसमोर रिक्षातून उतरल्यावर रेवतीने पर्समधून कागद काढला. त्यावर मीटरचे आकडे होते, चेंबरचे आकडे होते, आणि त्या चोरट्या नळाचा फोटो.

"हा दाखवला की तुझी सुटका," ती म्हणाली. "मग ते पलीकडच्या दारात जातील. संशय तुझ्यावर आला, नाव तुझं जाणार. म्हणून हा तुझा. तू ठरव."

सायलीने कागद घेतला, बारीक घडी केली आणि मुठीत धरला. "तुम्ही आत गप्प बसाल?"

"बसेन."

"जमेल?"

रेवतीने पर्सची चेन ओढून लावली.

कक्षाच्या प्रमुख डॉ. कांचन सरवदे पन्नाशीच्या, साध्या सुती साडीतल्या बाई होत्या. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. दमदाटी करणारा अधिकारी समोर असता तर रेवतीला बरं वाटलं असतं.

"घाबरू नका," सरवदे सायलीला म्हणाल्या. "तपासणी एक डॉक्टरबाई करतील. काही नसेल तर आजच फाइल बंद."

"मी गरोदर नव्हते. तपासणी देणार नाही."

"नव्हता, तर द्यायला काय हरकत आहे?"

"नव्हते, म्हणूनच हरकत आहे."

सरवदेंनी चष्मा काढला. "हे बघा, मी वीस वर्षं प्रसूतिगृहात काढली आहेत. बादलीत काय काय पाहिलंय ते तुम्हांला सांगणार नाही. तुमची तक्रार ऐकायला कोर्ट आहे, वर्तमानपत्र आहे, शेजारी ही जाऊ बसली आहे. जी जन्मलीच नाही तिच्या बाजूने कोण बोलणार? सरकारने तिच्यासाठी तुमच्या मोरीत डोकावलं, तर फार झालं का?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं असं नाही. पण तो खोटाही नव्हता. बोलायचं नाही असं ठरवून आलेल्या रेवतीला मात्र राहवलं नाही.

"मॅडम, नाक बसवायला लोक तयार झाले ते मी शब्द दिला म्हणून. फक्त ताप बघू, असं मी सांगितलं होतं. लोकांनी तेवढ्यालाच हात वर केले. बाकीचं तुम्ही कुणाला विचारलंत?"

"परिपत्रक आहे."

"परिपत्रक काढायचा अधिकार कुठून आला?"

"शासनाकडून."

"आणि शासनाकडे?"

"रेवतीताई, नागरिकशास्त्राचा तास नाहीये हा." सरवदे शांतपणे म्हणाल्या. "आणि शब्द तुमचा होता. शासनाने कधी दिला नव्हता. तुम्ही नोकर आहात, तुमच्या शब्दाने शासन बांधलं जात नाही."

हे रेवतीच्या वर्मी लागलं. म्हणजे त्या दिवशी गावाने हात वर केले ते कुणाला बघून? तिला. आणि ती कुणाच्या वतीने उभी होती हे ना गावाला ठाऊक होतं, ना तिला.

सरवदे आता तिच्याकडेच बघत होत्या. "बरं, तुम्ही तंत्रज्ञ आहात. नोंद चुकीची असेल तर कशी चुकली ते तुम्हांलाच सगळ्यांत आधी कळेल. चूक दाखवा, नोटीस मी इथल्या इथे फाडते." त्या थांबल्या. "दाखवण्यासारखं काही आहे का तुमच्याकडे?"

रेवतीने जावेच्या मुठीकडे बघायचं टाळलं. टाळलेलं सरवदेंच्या लक्षात आलं असावं.

सायली म्हणाली, "तुमचं यंत्र, तुमची नोंद. चुकली असेल तर तुम्ही शोधा. मी गुन्हा केला नाही, हे मी का शोधून आणून द्यायचं?"

"मग नाव फलकावर जाईल."

"जाऊ द्या."

बाहेर आल्यावर तिने मूठ उघडली. कागद घामाने लगदा झाला होता.

नाव गेलं. प्रभाग कार्यालयाच्या दारातल्या काचेच्या फलकात, मालमत्ताकराच्या सूचनेशेजारी: सायली निनाद घोलप, तपासणीस नकार. कुणीतरी त्याचा फोटो दोह्याला पाठवला. त्या संध्याकाळी निनादचा फोन आला तेव्हा सायली गच्चीवर गेली नाही. स्वयंपाकघरातच, सगळ्यांच्या देखत बोलली.

"माझा विश्वास आहे गं तुझ्यावर," तो म्हणत होता. "पण लोकांची तोंडं बंद व्हायला हवीत. माझ्यासाठी एवढं कर."

"तुझ्यासाठी तपासणी केली असती," सायली म्हणाली, "पण मग ज्याच्यासाठी केली तो तू राहिला नसतास." आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी सायलीकडची देवघराची कामं स्वतः करायला घेतली. त्यातून जे कळायचं ते सायलीला कळलं. महिनाअखेरीस तिने दुकानाच्या वरची एक खोली भाड्याने घेतली. रेवती सामान उचलायला गेली तर ती म्हणाली, "राहू द्या, ताई. फार नाहीये."

"सायली, मी चुकले. त्या दिवशी मी तुला विचारायला नको होतं."

"विचारलंत त्याचं एवढं नाही. त्याआधी दोन महिने तुम्ही मला विचारलं नाहीत, नुसतं बघितलंत."

खटला सायलीने भरला. तिच्या दुकानात कानाचं यंत्र घ्यायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या वकीलबाईंनी तो चालवला. रेवतीने प्रतिज्ञापत्र दिलं: प्रभाग सभेत काय सांगून संमती मिळवली, ते शब्दन् शब्द. ते दिलं त्याच आठवड्यात तिची बदली झाली. प्रयोगशाळेतून जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर. चोरट्या नळाबद्दल प्रतिज्ञापत्रात एक अक्षर नव्हतं. वकीलबाईंनी विचारलं होतं, "एवढा चांगला मुद्दा, यंत्र चुकू शकतं हा, आपण सोडून का देतोय?" सायली म्हणाली होती, "यंत्र बरोबर असतं, तरी माझं म्हणणं हेच असतं."

निकालाला चौदा महिने लागले. न्यायालयाने म्हटलं की संमती ज्या कामासाठी घेतली त्या कामापुरतीच ती असते. आणि घरातून वाहून गेलेलं पाणी घराबाहेर गेलं म्हणून त्यातली माहिती सरकारच्या मालकीची होत नाही, त्यासाठी विधिमंडळात कायदा करावा लागेल, नुसतं परिपत्रक पुरणार नाही. घरोघरची नाकं काढायची, तापासाठी आळीच्या टोकाला एकेक ठेवायचं. सरवदेबाईंनी पत्रकारांना सांगितलं की आता कायद्याचा मसुदा तयार होतो आहे. त्या थकलेल्या दिसत होत्या. त्या वर्षी तालुक्यातला मुलींचा आकडा अकराने वाढला होता. तो नाकामुळे वाढला की आणखी कशामुळे, हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं.

सत्तावीस नंबरचं नाक काढायला माणसं आली तेव्हा आळी ओट्यांवर जमली होती. चेंबरमध्ये उतरलेला कामगार डोकं वर काढून म्हणाला, "ताई, इथे दोन घरं जोडलीत की. हा नळ शेजारचा आहे."

सगळ्यांच्या माना अठ्ठावीस नंबरकडे वळल्या. दारात अस्मिता वाकचौरे उभी होती, धाकटीचा हात धरून.

"माहीत आहे मला," रेवती म्हणाली. "संच काढलात ना? झाकण लावा."

अस्मिताने तिच्याकडे बघितलं. माहीत आहे, म्हणजे कधीपासून, हे तिला लगेच उमगलं असावं. तिने मुलीला आत नेलं आणि दार लावलं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती आली. रिकाम्या हाताने, काही निमित्त न घेता. उंबऱ्यातच उभी राहिली.

"सायलीचं नाव वर्षभर फलकावर होतं," ती म्हणाली. "मी रोज त्या रस्त्याने मुलींना शाळेत सोडत होते."

"हं."

"तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत."

"विचारणार होते. तीनदा दारापर्यंत आले होते."

"आता विचारा ना."

रेवतीने तिच्याकडे पाहिलं. अस्मिताचा चेहरा ताणलेला होता. तो कबुलीआधीचा ताण होता की नुसत्या दुःखाचा, हे ओळखू येत नव्हतं. एक प्रश्न विचारला असता तर सगळं बाहेर पडलं असतं: ते मामाकडचे चार दिवस, सासूचं येऊन राहणं, कुणी नेलं, की कुणी नेलंच नाही आणि ते बाळ आपणहून गेलं. रेवतीला हे जाणून घ्यायचं होतं. वर्षभर भिंतीपलीकडच्या प्रत्येक आवाजाला तिने कान दिला होता. पण तिने विचारलं असतं ते अस्मितासाठी नव्हे, आपला संशय एकदाचा खरा की खोटा ठरावा म्हणून. आणि 'आता विचारा' असं म्हणणाऱ्या बाईच्या आवाजात विनवणी होती की भीती, तेही तिला ठरवता येईना.

"तुला बोलायचं असेल तर मी इथेच असते," ती म्हणाली. "मी विचारणार नाही. नळ तेवढा वेगळा करून घ्या. अर्ज आण, माझी सही देते."

अस्मिताने पदराच्या टोकाने नाक पुसलं आणि ती वळली. अठ्ठावीस नंबरचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला.

रेवतीने फोन उचलला. सायलीला ती अधूनमधून फोन करायची. सायली उचलायची, मोजकं बोलायची. दुकान बरं चाललंय, आईंचा गुडघा कसा आहे, एवढंच.

"अस्मिता आली होती," रेवती म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. मी विचारलं नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

रेवतीला वाटलं, फोन कट झाला. मग सायलीचा आवाज आला, जरा वेगळा, पूर्वी ओट्याशी बसून बोलायची तसा.

"ताई, रविवारी जेवायला येऊ का?"

निनाद मागच्याच आठवड्यात दोह्याहून परतल्याचं रेवतीला हेमंतकडून कळलं होतं. तो कुठे उतरला, सायलीला भेटला की नाही, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. एकटी येणार की दोघं? प्रश्न अगदी ओठांवर आला.

तिने तो गिळला.

"ये," ती म्हणाली.